चर्चसमोर रंगपेटी उघडताना: वाचकांचे प्रश्न

जुन्या चर्चचं चित्र जागेवर बसून जलरंगात करायचं, तर नेमकं कुठे फसायला होतं, याबद्दल बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. रेखांकनाच्या प्रश्नांना जास्त जागा गेली आहे आणि ती मुद्दाम दिली आहे. चर्चची बिघडलेली बहुतेक चित्रं रंग लावण्याआधीच बिघडलेली असतात.

प्रश्न: मनोऱ्याच्या उभ्या रेषा पट्टी लावून तपासतो, त्या सरळ असतात. तरी वरचा निमुळता सुळका एका बाजूला कललेला दिसतो. का?

कारण सुळक्याचं टोक तुम्ही समोर दिसणाऱ्या भिंतीच्या मध्यावर ठेवत असणार. सुळका उभा असतो तो मनोऱ्याच्या चौकोनाच्या मध्यावर, आणि तो मध्य भिंतीच्या मागे, आत असतो. मनोरा काचेचा आहे असं समजा. माथ्याचे चारही कोपरे हलक्या पेन्सिलीने काढा, न दिसणारेसुद्धा. समोरासमोरचे कोपरे कर्णांनी जोडा. कर्ण एकमेकांना छेदतात तिथून उभी रेषा वर घ्या आणि टोक त्या रेषेवरच ठेवा. सुळका अष्टकोनी असला तरी रीत हीच. आधी टोक ठरवायचं आणि मग त्याच्या कडा खाली आणायच्या. कडा अंदाजाने वर नेत नेत टोक गाठायला गेलं की ते हमखास सरकतं.

इंग्लंडमधल्या सॉल्सबरी कॅथीड्रलचा (बिशपच्या मुख्य चर्चचा) १२३ मीटर उंचीचा सुळका प्रत्यक्षातही सुमारे पाऊण मीटर कललेला आहे, पण एवढ्या उंचीत ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तिथल्याच चेस्टरफिल्डच्या चर्चचा पीळ पडलेला सुळका मात्र जगजाहीर आहे. असा अपवाद समोर नसेल, तर चित्रातला कल तुमचाच.

दुसरं कारण बसण्यात असतं. बोर्ड मांडीवर आडवा ठेवला की कागद तिरपा दिसतो आणि उभी लांबी डोळ्यांना आखूड भासते. ती भरून काढायला हात मनोरा उंच काढत जातो. घरी आल्यावर चित्र भिंतीशी उभं केलं की चर्च ताणलेलं दिसतं. म्हणून रेखांकन होईपर्यंत बोर्ड जवळजवळ उभा ठेवा. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, देताना १५ ते २० अंशांचा उतार पुरतो.

तिसरी गोष्ट अंतराची. इमारतीच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट लांब बसा. ४० मीटरचा मनोरा असेल तर ८० ते १२० मीटर. दुप्पट अंतरावरून टोकाकडे पाहताना नजर सुमारे २७ अंश वर जाते, तिप्पट अंतरावरून १८. त्याहून जवळ गेलात तर मान वर करावी लागते, उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकू लागतात आणि चित्रात त्या धड सरळही राहत नाहीत, धड झुकतही नाहीत. लांब जायला जागाच नसेल, तर अख्खं चर्च घेऊ नका. दरवाजा आणि वरची एखादी खिडकी एवढ्याचंही चांगलं चित्र होतं.

आणि दोन मनोरे असतील तर दोन्ही वेगवेगळे मोजा. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलसमोर उभं राहिलं की डावीकडचा, म्हणजे उत्तरेचा मनोरा सुमारे ११३ मीटर आणि उजवीकडचा सुमारे १०५. दोघांच्या सुळक्यांच्या बांधकामात तीनशेहून जास्त वर्षांचं अंतर असल्याने घडणही वेगळी. जोडी दिसली की डोळा ती सारखी करून टाकतो.

प्रश्न: बाजूच्या भिंतीवरच्या कमानदार खिडक्या लांब जाताना वेड्यावाकड्या होतात. टोकदार कमानी तर जास्तच.

कमान आधी काढू नका, तिची चौकट काढा. नजरेच्या पातळीची आडवी रेषा कागदावर आधी हवी. तिच्या वरच्या सगळ्या आडव्या कडा लांब जाताना खाली उतरतात, खालच्या कडा वर चढतात. खुर्चीवर बसल्यावर तुमचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात, म्हणजे सपाट आवारात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीशी. बहुतेक खिडक्या याच्या वर असतात, म्हणून त्यांच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडा उतरत्याच येतात. खालची कड आडवी ठेवली की पहिली खिडकी तिथेच वाकडी होते.

आता खिडकीच्या चौकटीत दोन कर्ण काढा. छेदबिंदूतून जाणारी उभी रेषा हा खिडकीचा खरा मध्य. पट्टीने मोजलेल्या मध्यापेक्षा तो लांबच्या कडेकडे सरकलेला असतो. टोकदार कमानीचं टोक याच रेषेवर येतं. त्यामुळे जवळचा अर्धा भाग रुंद आणि त्याचा बाक सैल दिसतो, लांबचा अर्धा भाग अरुंद आणि त्याचा बाक खडा. दोन्ही बाजू सारख्या काढल्या की खिडकी भिंतीवर न बसता आपल्याकडे वळलेली दिसते.

पुढच्या खिडक्यांचं अंतर अंदाजाने कमी करत नेऊ नका. आधाराचे दोन खांब आणि वरची-खालची कड मिळून एक खण होतो. त्याच्या लांबच्या उभ्या कडेचा मध्य काढा. जवळच्या वरच्या कोपऱ्यातून या मध्यातून जाणारी रेषा खालच्या कडेला जिथे भेटेल, तिथे पुढचा खण संपतो. दोनदा केलं की हाताला बसतं.

भिंतीची जाडी राहून जाते, ती विसरू नका. लांब जाणाऱ्या भिंतीत खिडकीची आतली बाजू दिसते ती लांबच्या कडेची, जवळच्या कडेची नाही. खिडकी नजरेच्या वर असेल तर कमानीची खालची बाजू दिसते आणि उंबऱ्याचा वरचा पृष्ठभाग दिसत नाही. जुन्या चर्चच्या भिंती मीटरभर जाड असू शकतात. ही एक पट्टी बरोबर आली की दगडाचं वजन आपोआप येतं, त्यासाठी दगड एकेक करून काढावे लागत नाहीत.

प्रश्न: तासाभरात सावल्या बदलतात. मी त्यांच्या मागे धावत राहते आणि शेवटी चित्रात दोन सूर्य दिसतात.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत ३० अंश, म्हणजे दर्शनी भागावरची सावली पार बदलून जाते. उपाय एकच: सावली एकदाच ठरवायची आणि नंतर चर्च काहीही सांगो, ऐकायचं नाही.

बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ५ बाय ७ सेंटीमीटरचं छोटं टिपण करा, फक्त तीन टोनमध्ये: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. मुख्य रेखांकन झालं की सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्या आणि समासात वेळ लिहा. पहिला फिकट थर सुकला की आधी सावल्याच रंगवा, सगळ्या एका दमात, अर्ध्या तासाच्या आत. झाडं, छप्पर, माणसं थांबू शकतात. काम दोन तासांत आटपत नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला या. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९२ आणि १८९३ मध्ये रुआँच्या कॅथीड्रलचा दर्शनी भाग तैलरंगात तिसाहून जास्त वेळा रंगवला, तो असाच: अनेक कॅनव्हास शेजारी ठेवायचे आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. जलरंगात दोन कागद आलटून पालटून घेतले तर पहिला सुकायलाही वेळ मिळतो.

कधी बसायचं, हे चर्चच्या दिशेवरून आधीच कळतं. परंपरेने वेदी पूर्वेला आणि मुख्य दरवाजा पश्चिमेला असतो. सगळीच चर्च ही शिस्त पाळत नाहीत, म्हणून होकायंत्राने खात्री करा. उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या उत्तरेला, अशा चर्चचा दर्शनी भाग सकाळभर सावलीत, दक्षिणेची भिंत बहुतेक दिवस उन्हात आणि उत्तरेची भिंत जवळजवळ कायम सावलीत असते. दर्शनी भागावर ऊन येतं ते दुपारनंतर. त्यातला पहिला दीड-दोन तासांचा काळ सोन्यासारखा: ऊन भिंतीला घासून येतं, प्रत्येक कोनाडा आणि खांब लांब सावली टाकतो. नंतर ऊन समोरून पडायला लागलं की रंग सुंदर दिसतो, पण उठाव निघून जातो. नवख्या चित्रकाराने संध्याकाळच्या सोनेरी उजेडाच्या मोहात पडू नये असं आमचं मत आहे. त्या उजेडात दिसतं फार आणि हाताशी लागतं थोडं.

प्रश्न: जुन्या दगडाचा रंग मळकट होतो. करडा रंग कोणता घ्यावा?

तयार करडा घेऊच नका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या दोन रंगांतून उबदार तपकिरी करड्यापासून थंड निळसर करड्यापर्यंत सगळं मिळतं. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीत पोत फुकट मिळतो.

पहिला थर रॉ सिएनाचा (पिवळट तपकिरी), चहापेक्षाही फिकट. चुनखडीचा दगड असेल तर एवढ्यानेच भागतं, वालुकाश्मात थोडा लाइट रेड. थर ओला असतानाच इथे तिथे कोबाल्ट ब्लूचा आणि बर्न्ट सिएनाचा स्पर्श द्या आणि ब्रश उचला. ढवळू नका. उन्हातल्या सगळ्यात उजळ कडा कोऱ्याच राहू द्या. हा थर पूर्ण सुकला पाहिजे. बोटाच्या मागच्या बाजूने हलकेच स्पर्श करा, कागद गार लागला तर अजून पाणी आहे.

मळ येतो तीन कारणांनी. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग पडले. लाइट रेड किंवा सेरुलियनसारखे अपारदर्शक रंग एकावर एक घासले गेले. किंवा थर अर्धवट सुकलेला असताना पुन्हा ब्रश फिरला. हे तिसरं सर्वांत वाईट. कागदावरची ओली चमक जाऊन तो मंद झाला की त्या क्षणापासून हात लावायचा नाही. तेव्हा जास्त पाण्याचा ब्रश लागला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कडांचे डाग पडतात.

सावलीचा थर एकच आणि पुरेसा गडद हवा. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, हे ठाऊक असूनही हात भितो आणि मग त्याच सावलीवर दुसरा, तिसरा थर येतो. पारदर्शकता तिथेच जाते. मिश्रण आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर लावून, सुकवून पाहा. सावली वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची नसते. आकाशाकडे तोंड असलेले उतार निळसर, तर जमिनीजवळचा भाग आणि कमानींच्या खालची बाजू उबदार, कारण उन्हातली जमीन तिथे उजेड परत फेकते. थर खाली आणताना मिश्रणात थोडा बर्न्ट सिएना वाढवत जा, एवढंच.

प्रश्न: चर्च पांढरं आहे. कागदही पांढरा. मग रंगवायचं काय?

आकाश आणि सावली. पांढरी भिंत उजळ दिसते ती शेजारच्या गडदपणामुळे. आकाशाचा वॉश भिंतीच्या कडेला नेहमीपेक्षा एक पायरी गडद ठेवा. पाव शीट कागदावर, म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेंटीमीटरवर, अर्धं आकाश असेल तर दोन चहाचे चमचे भरून मिश्रण आधी तयार हवं. मध्येच संपलं आणि पुन्हा कालवलं की जोड दिसतो. बोर्ड उलटा धरून चर्चच्या कडेपासून सुरुवात केली तर ओघळ इमारतीत शिरत नाही.

पांढऱ्या भिंतीची सावलीतली बाजू खालच्या फिकट आकाशापेक्षा बरेचदा गडदच असते. लोक ती फिकी ठेवतात, कारण भिंत पांढरी आहे हे त्यांना माहीत असतं. डोळे बारीक करून आकाश आणि सावली शेजारी शेजारी तोला.

माथ्यावरचा क्रॉस उजळ असेल तर मास्किंग फ्लुइड (रंग अडवणारा आणि नंतर सोलून काढायचा द्रव) चालेल. ब्रश आधी साबणात बुडवा, नाहीतर तो वाया जातो. मास्किंग लावलेला कागद उन्हात तापत ठेवू नका, हेअर ड्रायरही नको. तापलं की ते कागदाला घट्ट धरतं आणि काढताना कागदाचा पापुद्रा निघतो. त्याच दिवशी, पण थर पूर्ण सुकल्यावर काढा. क्रॉस आकाशापेक्षा गडद दिसत असेल तर हा सगळा खटाटोप नकोच, आकाश सुकल्यावर बारीक ब्रशने काढा.

प्रश्न: दर्शनी भागावर शेकडो मूर्ती आणि नक्षी आहे. किती काढायची?

आधी काय मोजून काढायचं ते ठरवा. मजले किती, उभे खण किती, दरवाजे किती, मुख्य खिडकीचे भाग किती: हे चुकलं तर चर्च ओळखू येत नाही. बाकीच्या नक्षीत संख्या महत्त्वाची नाही, सावलीची लय महत्त्वाची. मूर्तींची रांग म्हणजे कोनाड्यांतल्या गडद फटी आणि त्यांमध्ये उरलेला उजेड. फटी रंगवा, मूर्ती आपोआप उरतात. एखाद-दोन मूर्ती नीट आकार देऊन काढा, त्याही चित्राच्या मुख्य जागेजवळच्या. उरलेल्या डोळा स्वतः वाचून घेतो.

दगडाचा खडबडीतपणा ड्राय ब्रशने येतो. ब्रशात रंग दाट, पाणी कमी, ब्रश जवळजवळ आडवा आणि हात जलद. तो फार ठिकाणी वापरला की चर्चला खरूज झाल्यासारखी दिसते. पायथा आणि एखादा कोपरा पुरे.

दोन वेगळ्या वाटा अभ्यासण्यासारख्या आहेत. इंग्रज जलरंगचित्रकार जॉन सेल कॉटमन सपाट, स्वच्छ कडांचे थर एकमेकांशेजारी बसवून इमारत उभी करत. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन एखादा कोपरा दगडागणिक अभ्यासून बाकी कागद सरळ कोरा सोडत. दोन्ही वाटा चालतात. सगळीकडे सारखाच तपशील, ही तिसरी वाट मात्र चालत नाही.

प्रश्न: रंगीत काचेच्या खिडक्या बाहेरून कशा दाखवाव्यात?

गडद. आत उजेड कमी असल्याने दिवसा बाहेरून रंग जवळजवळ दिसत नाहीत. पण सपाट काळा लावू नका. वरून निळसर, खाली तपकिरी असा एकच ओला थर द्या आणि आकाश परावर्तित करणारे दोन-तीन तुकडे कोरे ठेवा. लाल-निळे ठिपके काढले की खिडकीत दिवा लावल्यासारखं दिसतं.

प्रश्न: सामान किती न्यावं? कागदाला पोक येतो आणि घरी आल्यावर चित्र काळपट दिसतं.

कागद पूर्ण सुती, कोल्ड प्रेस्ड (मध्यम खरखरीत), किमान ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाडीचा. पोक येतो कारण ओला कागद फुगतो आणि चारही बाजूंनी धरलेला नसतो. बोर्डला चारही कडांनी टेप लावा किंवा चारही बाजूंनी चिकटवलेला ब्लॉक घ्या. ६४० जीएसएमचा कागद काहीही न करता सपाट राहतो, पण महाग आणि जड. ब्रश चार: मोठा वॉशसाठी, १० नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल आणि दोऱ्यासारख्या रेषांसाठी रिगर. रंग सात-आठ पुरे. पाणी अर्धा लिटर, दोन भांड्यांत: एक ब्रश धुवायला, एक मिश्रणाला. वारा असेल तर ईझलच्या पायांमध्ये पिशवी टांगा.

काळपटपणाचं कारण ऊन आहे. कागदावर थेट ऊन असलं की तो इतका उजळतो की तुम्ही प्रत्येक थर गडद करत जाता. घरातल्या उजेडात तेच चित्र काळवंडलेलं दिसतं. सावलीत बसा किंवा पांढरी वा करडी छत्री घ्या. रंगीत छत्री कागदावर आपला रंग टाकते. रंगीत गॉगलही काढून ठेवा.

प्रश्न: परवानगी लागते का?

सार्वजनिक रस्त्यावरून रेखाटन करायला सहसा अडचण येत नाही. आवारात ईझल लावायची असेल तर आधी कार्यालयात विचारा आणि प्रार्थनेच्या वेळा जाणून घ्या. लग्न किंवा अंत्यसंस्कार चालू असेल तर सामान उचलून बाजूला व्हा. थडग्यांवर पाण्याची भांडी ठेवू नका.

प्रश्न: चित्र अर्धवट राहिलं तर फोटोवरून पूर्ण केलेलं चालतं का?

चालतं. इंग्रज चित्रकार टर्नर बाहेर बहुतांशी पेन्सिलीनेच टिपणं करत आणि रंग नंतर चढवत. मात्र फोनचा कॅमेरा दोन ठिकाणी फसवतो. फोन वर करून काढलेल्या फोटोत मनोरे माथ्याकडे एकमेकांवर झुकतात. म्हणून लांब जा, फोन सरळ उभा धरा आणि झूम वापरा. आणि फोटोत सावल्या काळ्या ठिक्कर होतात, त्यांतला निळा आणि खालून आलेला उबदार उजेड नाहीसा होतो. म्हणून उठण्याआधी फोटोपेक्षा कागदाच्या पट्टीवर तीन नमुने लावून घ्या: उन्हातला दगड, सावलीतला दगड आणि मनोऱ्याला लागून असलेलं आकाश. प्रत्येकाखाली वेळ लिहा. घरी रंग कालवताना फोन बाजूला ठेवून त्या पट्टीशी ताडून पाहा.